माझ्या भावानं जपानी फुटबॉलपटूला कळवलं ते

मंडळी, आत्ताच घडलेलं सांगते.

माझा भाऊ विलास फौजेत आहे, पलटणीच्या संघातून फुटबॉल खेळतो. पाय मुरगळला म्हणून सुट्टीवर उंब्रजला आईकडे आलाय. आज माझ्याकडे सांगलीला आला, तर त्याला या नव्या सायबर कॅफेत आणलं आणि त्याच्या लाडक्या जपानी खेळाडूची वेबसाइट उघडून दिली.

बापरे! जगभरातल्या चाहत्यांचे निरोप, सगळ्यांना वाचता येतील असे. जपानी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसत होते, पण इंग्रजीतलेही ढीगभर. पान पुन्हा उघडलं की आणखी नवे!

"ताई, माजंबी लिही की."

तो सांगत गेला, मी इंग्रजीत टाइप करत गेले.

"लिही, तुजा खेळ लय आवडतो. आन् लिही, माजा पाय आता बरा हुनार न्हाई. मेडिकल बोर्डानं कायमचं घरी धाडलंय. घरात कुनाला ठावं न्हाई."

माझी बोटं थांबली. "विलास, खरं हाय हे?"

"व्हय. तू लिही."

मी लिहिलं आणि पाठवलं. आता तो बाहेर पायरीवर बसलाय. परक्या मुलखातल्या हजारोंना कळलं, आणि आई तिकडे त्याला पलटणीत न्यायला लाडू वळतेय.

तुम्ही माझ्या जागी असता तर आईला स्वतः सांगितलं असतंत, की त्याच्यावर सोडलं असतंत?