क्लीन मशीनचा रिपोर्ट

"मशीन क्लीन हाय म्हणता ना? मग लिहून द्या," सर म्हणाले. मी लिहून दिलं. वर माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाचा शिक्काही मारला. शिक्का नवा होता, हात शिवशिवत होते.

सर म्हणजे लातूरच्या एका कोचिंग क्लासचे मालक. त्यांच्या सराव परीक्षेचे पेपर परीक्षेआधीच झेरॉक्सच्या दुकानांत मिळू लागले होते. जळकोट-देगलूरहून मुलांना इथे आणून ठेवलेले पालक भडकले होते. कॉम्प्युटरमधून काही फुटतंय का, हे पाहायला मला बोलावलं. मी अँटिव्हायरस दोनदा चालवला. दोन्ही वेळा हिरवी खूण. मी खूश.

सरांनी माझा रिपोर्ट समोर धरला आणि पेपर टाइप करणाऱ्या शबानाला बोलावलं.

"मशीन चोर न्हाई. मग ऱ्हायलं कोण? उद्यापासून येऊ नका."

"मी कशाला करू, सर? माझा भाऊ हितंच शिकून राहिला."

सर ऐकेनात. पेपर फोडणारी म्हणून नाव झालं की गावातला दुसरा कुठलाही क्लास तिला दारात उभं करणार नव्हता. मला वाईट वाटलं. पण रिपोर्ट माझा, म्हणजे बरोबरच असणार! मी चहा पीत बसलो.

दुसऱ्या दिवशी, नव्या ऑपरेटरसाठी जुने पेपर काढून द्या म्हणून सरांनी शबानाच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क माझ्या दुकानात पाठवली. मी ती माझ्या कॉम्प्युटरला जोडली, तर माझा अँटिव्हायरस बोंबलायलाच लागला. काल रिकाम्या दिसलेल्या फोल्डरमध्ये फाइली ठाण मांडून बसल्या होत्या.

याला रूटकिट म्हणतात. हा प्रोग्राम विंडोजच्या मुळाशी जाऊन बसतो. अँटिव्हायरसने विचारलं, "या फोल्डरमध्ये काय आहे?" की विंडोजच्या उत्तरातून हा चोरांची नावं गाळून टाकतो. म्हणजे मी जिला विचारत होतो ती विंडोजच फितूर होती. डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली की तिच्यावरची विंडोज चालूच होत नाही, मग खोटं बोलणार कोण? हे सगळं मी शिकलो होतो. परीक्षेत लिहून मार्कही घेतले होते.

त्या फाइली टाइप झालेले पेपर इंटरनेटवरून गुपचूप बाहेर पाठवत होत्या. त्या ज्या मिनिटाला आल्या, त्याच मिनिटाला पेनड्राइव्हवरून आणखी एक फोल्डर आलं होतं. त्यात सरांच्या समोरच्या स्पर्धक क्लासचे पेपर होते. मी सरांना फोन लावला.

"सर, पेनड्राइव्ह कुणी लावला होता?"

"मीच. ते काय शिकवून राहिले, बघाया नको का?"

"आणला कुठून?"

"झेरॉक्सवाल्याकडून." मग आवाज खाली आला. "बाईला परत बोलवा. पण पेनड्राइव्हचा विषय तेवढा तिच्यापुढं काढू नका."

मी काढला. शबानाच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"भैया, मशीनला दोनदा विचारलं. मला एकदा तरी विचारलं का?"

एकदाही विचारलं नव्हतं. लाज मात्र भरपूर वाटली.

ती कामावर परत आली. मी आता रिपोर्टात 'मशीन क्लीन आहे' असं लिहीत नाही. 'मला काही सापडलं नाही' एवढंच लिहितो. गिऱ्हाईक विचारतं, "मग तुम्हाला बोलावलं कशाला?"