पलटणीतला सगळ्यात भारी बॉक्सर

बाबा पलटणीत बॉक्सर होते. डोक्यावर ठोसे खाऊन खाऊन आता त्यांना माणसं ओळखू येत नाहीत. परवा लखनौच्या आमच्या घरी त्यांचा तेव्हाचा प्रतिस्पर्धी भेटायला आला. बाबांना सगळ्यात जास्त मारलं होतं ते यानेच. मी चहा त्याच्यापुढे आदळलाच. बाबा त्याला कुणी परका समजून वाद घालू लागले, त्या काळी सगळ्यात भारी बॉक्सर कोण? बाबा समोर बसलेल्या या पाहुण्याचंच नाव धरून बसले होते. तो खाली बघत म्हणाला, "छे हो, तो काही एवढा मोठा नव्हता."

बाबा भडकले, "अच्छा? त्याचा एक तरी ठोसा खाल्लाय का तुम्ही?"