अर्धा वेढा जास्त

मिस्त्री खरं तर सुतार. पण ‘आपला हात जगन्नाथ’ हे त्याने जन्मभर इतकं मनावर घेतलं होतं, की घरातला पंखा, नळ, घड्याळ, काहीही बिघडलं तरी परक्याचा हात लागू द्यायचा नाही. बायको म्हणायची, “दुरुस्त केलंत ते कळलं. आता चालू कधी करणार?” मिस्त्रीवर अशा बोलण्याचा काडीचाही परिणाम होत नसे.

जुनी व्हॅन मात्र तो जिवापाड जपायचा, कारण तिच्यात लेकीची खुर्ची होती. लेकीच्या पायांत आणि पाठीत लहानपणापासूनच बळ नव्हतं. दोन्ही कुशींना आधार देणारी, पट्ट्यांची सागवानी खुर्ची त्याने तिच्या मापाने घडवली आणि व्हॅनच्या तळाला पक्की जोडली. शाळा, कॉलेज, दवाखाना, सगळीकडे तोच न्यायचा, तोच आणायचा. “दुसऱ्या गाडीत तिला बसताच येत नाही,” हे तो भेटेल त्याला सांगायचा, आणि खोटं कशाला बोला, त्यात थोडा अभिमानही असायचा.

आता लेकीला नोकरी लागली होती. दारोदार नकार ऐकल्यावर एकदाची लागली होती. सोमवारी सकाळी हजर व्हायचं होतं, आणि मुलाखतीत तिने छातीठोकपणे सांगितलं होतं, “येण्याजाण्याची माझी काही अडचण नाही.”

आणि शनिवारी या गृहस्थाने गिअरबॉक्स खाली उतरवला!

क्लच घसरत होता हे खरं. प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स इंजिनापासून सोडवावा लागतो, हे त्याने गॅरेजवाल्याच्या डोक्यावर उभं राहून कधीतरी पाहिलं होतं. नवी प्लेट बसली. रविवारी सकाळी जॅकने तोलत बॉक्सही जागेवर चढला. राहिले होते फक्त बोल्ट आवळायचे, आणि तिथेच घात झाला. लाकडात स्क्रू बसला तरी सुताराचा हात आणखी अर्धा वेढा देतोच. लाकूड तेवढं दबून घेतं, पकड घट्ट होते. ॲल्युमिनियम कुणाचं ऐकून घेत नाही. खालच्या बोल्टला त्याने तो अर्धा वेढा दिला, पाना एकदम मोकळा फिरला, आणि बोल्ट हातात आला तो चकचकीत चुरा अंगावर घेऊनच. भोकातले आटे सोलून निघाले होते.

दुसरा कुणी इथे कपाळावर हात मारून थांबला असता. मिस्त्रीने काडेपेटी आणली. लाकडातलं भोक सैल झालं की सुतार त्यात काड्या आणि सरस ठोसून स्क्रू पुन्हा बसवतो. त्याने इथेही तेच केलं. बोल्ट चक्क बसला. गल्लीच्या टोकापर्यंत गाडी झोकात गेली. परतताना थरथरायला लागली आणि खाली काहीतरी खणकन पडलं. काड्यांचा बोल्ट रस्त्यावर होता. त्याचा भार शेजारच्या बोल्टवर आला आणि त्याचेही आटे गेले.

“काड्या?” बायको म्हणाली. “अहो, काड्या?” एरवी ती हसली असती. “दोन महिने क्लच घसरतोय. तुम्हाला बरा हाच मुहूर्त सापडला! खरं सांगू? तिनं जायलाच नको आहे तुम्हाला.”

“डोकं फिरलंय तुझं!” मिस्त्री ओरडला आणि चपला अडकवून बाहेर पडला.

ओळखीचा लेथवाला सुट्टीचा झोपला होता. त्याला उठवलं. काड्यांचं ऐकून तो खाटेवरच लोळून हसला. मग ड्रिल, टॅप आणि तारेच्या दोन गुंडाळ्या काढून म्हणाला, “भोक थोडं मोठं करायचं, टॅपने नवे आटे पाडायचे, त्यात ही गुंडाळी फिरवून बसवायची. मग जुनाच बोल्ट तिच्यात बसतो. पण दुसऱ्या भोकाशेजारी भिंत पातळ असते. ड्रिल वाकडं गेलं तर बॉडीच फुटेल. थांब, मीच येतो.”

“नको. मी करतो.”

“मिस्त्री, लेकीचं काम आहे. येऊ दे मला.”

“मी करतो म्हटलं ना!”

का नको म्हणालो, हा प्रश्न त्याला वाटेत दोनदा पडला. दोन्ही वेळा तो भराभर चालायला लागला.

पहिलं भोक झकास झालं. टॅपला तेल लावून, थोडा पुढे, थोडा मागे, त्याने आटे पाडले. गुंडाळी बसली, बोल्टने धरलं. गाडीखाली उताणा पडल्यापडल्या त्याला वाटलं, निभावलं. मग त्याने ड्रिल दुसऱ्या भोकाला लावलं आणि बायकोचं ते वाक्य कानात शिरलं. हात हलला, की ड्रिल अडकलं? कट्ट असा आवाज आला. भोकापासून कडेपर्यंत केसासारखा तडा गेला होता. आता सगळा बॉक्सच बदलायला हवा होता, आणि तो उद्या सकाळपर्यंत कुणाचा बापही देणार नव्हता. मिस्त्री गाडीखालीच पडून राहिला. त्याला रडू येत होतं आणि ते कुणी ऐकू नये म्हणून त्याने मनगट दातांत धरलं.

लेक खोलीत उद्याचे कपडे घडी करून ठेवत होती. तो दारातच उभा राहिला.

“साहेबांना मी फोन करतो. आठवडाभर थांबा म्हणतो. पाया पडतो हवं तर.”

“नको, बाबा. मी टॅक्सी सांगितली आहे.”

“टॅक्सीत तुला बसता येत नाही!”

“येतं.” ती घडीवरून हात फिरवत राहिली. “मैत्रिणीबरोबर जाऊन आले मी. बऱ्याचदा. पाठ दुखते, पण येतं बसता.”

“मग मला बोलली का नाहीस?”

“मला न्यायला निघालात की किती खुशीत असायचात तुम्ही. कसं सांगणार?”

मिस्त्रीने चौकट धरली. पांढऱ्या रंगावर काळी बोटं उमटली.

“उद्या मी नुसता सोबत येतो. पुढे बसेन. बोलणारसुद्धा नाही.”

“उद्या नको, बाबा.”

“अगं, मुद्दाम नाही केलं मी.”

“ते तुम्हालाच माहीत,” लेक म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता.

मिस्त्री उंबऱ्यातच खाली बसला. आपल्याला ते माहीत असतं तर, असं त्याला फार वाटलं.