टाकीवरून दिसणारी गच्ची

नवऱ्याच्या जागी अनुकंपा तत्त्वावर नोकरी लागायला यशोधराला अकरा महिने वाट बघावी लागली. ऑर्डर हातात पडली तेव्हा बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या शेजारणी म्हणाल्या, चला, घराला आधार झाला. यशोधरा "हो" म्हणाली. अकरा महिने ती सगळ्यांना "हो"च म्हणत होती. शंकर गेला त्या दिवशी ती रडली नव्हती. त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात लोकांना पाणी देत फिरली, तेव्हा बायका काय कुजबुजल्या ते तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं. वाईट वाटलं नाही. काहीच वाटत नव्हतं.

नोकरी टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीवर, दिवसपाळीच्या पहारेकऱ्याची. शंकरनं तिथंच एकोणीस वर्षं काढली होती.

२००६ च्या जानेवारीतला शनिवार हा तिचा पहिला दिवस. निघताना दाराशी एक बोचकं बांधून ठेवलेलं दिसलं. ते सासूचं, जनाबाईचं. उद्या नणंद अंजनी उल्हासनगरहून येऊन आईला कायमची घेऊन जाणार होती. यशोधराला हे शेजारणीकडून कळलं, कारण सासू-सून बारा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या.

त्याचं कारणही ऐकण्यासारखं आहे. शंकर संध्याकाळी घरी आला की विचारायचा, "आज गोधड्या धुतल्यास वाटतं?" किंवा, "शेजारची नीलिमा आली होती ना? गच्चीत बसला होतात दोघी." आता हा माणूस दिवसभर टेकडीवर, मग ह्याला सांगतं कोण? घरात तिसरं माणूस एकच. एकदा तो सहज म्हणाला, "दुपारभर ऊन खात बसलेलीस आज," आणि यशोधराच्या डोक्यात तिडीक गेली. म्हातारी चुगल्या लावते, असं तिनं सासूच्या तोंडावर सांगितलं. शंकर हसत म्हणाला, "अगं, टाकीवरून आपली गच्ची दिसते. एकदा वर ये नि बघ." आईला पाठीशी घालतोय, असं हिनं धरून ठेवलं. जनाबाई "मी नाय सांगितलं" एवढंच म्हणाली आणि जी गप्प झाली ती झालीच. दोघीही सारख्याच हट्टी. माघार घ्यायची कुणी?

मग सगळे निरोप शंकरच्या मार्फत जाऊ लागले. सासू हातभर अंतरावर बसलेली असायची आणि ही म्हणायची, "आईंना सांगा, चहा झालाय." तो बिचारा सांगायचासुद्धा. तो गेल्यापासून कप जमिनीवर ठेवल्याचा आवाज हाच निरोप झाला होता.

"एकदा वर ये," हे मात्र शंकर दरवर्षी म्हणायचा. मी काय रिकामटेकडी आहे टेकड्या चढायला, हे हिचं ठरलेलं उत्तर.

खात्याची गाडी टाकीपर्यंत जावी म्हणून टेकडीवर मुरमाचा कच्चा रस्ता केलेला आहे. गाडी महिन्यातून एकदा यायची, बाकी दिवस पायीच. शंकरचा टाकीवरचा जोडीदार महिपती तिला वाट दाखवायला सोबत होता. पुढं डोंबिवलीची पाच-सहा पोरं-पोरी टोप्या घालून चढत होती. "काका, व्ह्यू अजून किती लांब?" त्यांनी विचारलं. महिपतीनं वर बोट केलं. यशोधरा चपलांकडे बघत चालत होती. धूळ घोट्यापर्यंत आली होती.

तिसऱ्या वळणावर महिपती थांबला. "वहिनी, हितंच बसला तो. मला बोलला, छातीत कळ आलीय, तू हो पुढं, मी येतो."

यशोधरानं बघितलं. मुरूम होता, बाजूला करवंदाची जाळी होती.

"बरं," ती म्हणाली आणि चालू लागली. महिपतीला ते लागलं असावं. पुढची दोन वळणं तो चार पावलं पुढं राहूनच चालला.

वर टाकी, टाकीला लागून एक खोली आणि बाहेर एक लाकडी खुर्ची. पोरं-पोरी बारवी धरणाच्या पाण्याकडं तोंड करून फोटो काढत होती. खुर्चीचं तोंड बरोबर उलट्या दिशेला, बदलापूरकडं.

"शंकरची खुर्ची," महिपती म्हणाला. "मी हलवली नाय."

ती बसली. खाली नदी, नदीपलीकडं इमारती, त्यांच्या अलीकडं बैठी घरं. शेजाऱ्यांच्या छपरावरची निळी टाकी आधी सापडली, मग आपली गच्ची. गच्चीत काहीतरी हललं. हिरवं लुगडं दोरीवर पसरलं गेलं आणि एक लहानसं माणूस कठड्याला टेकून उन्हात बसलं.

"भाऊजी, हे खरंच दिसतं."

"मग? शंकर रोज दाखवायचा ना. बघ, आमची गच्चीत आली, बोलायचा. मग डबा उघडायचा."

रडू येईल असं तिला वाटलं. आलं नाही. बारा वर्षांत एकदा टेकडीकडं बघून हात केला असता तर त्याला दिसला असता. आणि ती म्हातारी बारा वर्षांपूर्वी खरंच बोलली होती.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बोचकं दाराशीच होतं. तिनं चहा केला, कप जनाबाईपुढं ठेवला आणि तिथंच खाली बसली.

"आत्याबाई," ती म्हणाली. बारा वर्षांनी तिनं ही हाक मारली होती. "आज तुम्ही हिरवं लुगडं वाळत घातलंत. मग कठड्याला टेकून बसलात. बराच वेळ."

जनाबाईनं मान वर केली. "तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. वरून दिसतं." यशोधरानं पदर हातात गोळा केला. "चुकलं माझं. सोमवारी परत मी वर असणार. तुम्ही या गच्चीत. मी बघेन."

जनाबाईनं चहा संपवला. कप बशीत पालथा घातला. मग बोचक्याकडं बघत म्हणाली, "गोधड्या मळल्यात. सोमवारी धुते." आणि पुढं म्हणाली, "अंजनीला फोन कर. उद्या नको येऊ म्हणावं."

यशोधरा फोन करायला उठली. नंबर फिरवला, पलीकडून अंजनी "हॅलो, हॅलो" करत राहिली आणि हिला एक अक्षर बोलता येईना. अकरा महिन्यांचं रडणं तिला तेव्हा फुटलं.