तळाला बिलगलेल्या पेशी

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘चकचकीतबाई’ म्हणत. नाव टोमण्यातून पडलं होतं. तिने ते शाबासकी म्हणून घेतलं.

लिम्फोमा या कर्करोगाच्या पेशी ती काचेच्या बशीत वाढवायची. त्या एरवी द्रवात तरंगतात. तपासायचं नवं औषध घालायचं, द्रव ओढून घ्यायचा, त्यात निळा रंग टाकायचा. मेलेली पेशी निळी पडते. रिकामी बशी लगेच ब्लीचमध्ये. नव्या प्रयोगात सरांनी बशीच्या तळाला अस्थिमज्जेतल्या आधारपेशींचा थर दिला, शरीरात असतो तसा. चकचकीतबाईंनी काम जुन्याच रीतीने उरकलं. द्रवात सगळं निळंच निळं! सर खूश झाले. औषध लागू पडतंय, असं घरी तिने दिराला सांगून टाकलं.

दीर शिंपी. केमोथेरपी होऊन वर्ष होत नाही तोच त्याचा लिम्फोमा परतला होता. "वहिनींचं औषध येऊ दे, मग बघू," म्हणत तो दुसरी केमो पुढे ढकलत होता. डॉक्टर चिडत होते; पण घरच्या जाणकारापुढे डॉक्टरांना कोण विचारतो?

मग एका शनिवारी ब्लीच संपलं, नि बशा तळाशी उरलेल्या द्रवासकट उबवणपेटीतच राहिल्या. सोमवारी त्या न धुतलेल्या बशा पाहून तिचं डोकंच उठलं. टाकता टाकता तिने एक सूक्ष्मदर्शकाखाली धरली. थराला बिलगून गोल, तकतकीत, जिवंत पेशी बसल्या होत्या.

सर धावत आले. "या पेशींच्या अंगावर चिकटायची प्रथिनं असतात. त्यांनी शेजारणीला धरलं, की तिच्याकडून जगायचा निरोप मिळत राहतो. औषध येतं नि जातं. आधीच्या बशा कुठायत?"

"धुतल्या, सर. दोन-दोनदा."

सरांना तळ बघायचं कधी सुचलं नव्हतं, त्यामुळे त्यांना ओरडताही येईना. "बैठक होईपर्यंत बाहेर बोलू नका," एवढंच ते म्हणाले.

ती थेट दिराच्या दुकानात गेली.

"भाऊजी, आमच्या औषधाची वाट बघू नका. माझं चुकलं."

त्याने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "मरत नाहीत?"

"तरंगणाऱ्या मरतात. चिकटलेल्या जगतात. मी नेमक्या त्याच धुऊन टाकत होते."

"केमोत हा घोळ नसतो?"

खोटं बोलणं सोपं होतं. "असू शकतो. पण केमो माणसांना देऊन पाहिलेली आहे. आमचं औषध अजून बशीबाहेर आलेलं नाही."

त्याने मशीन थांबवून डॉक्टरांना फोन लावला. "उद्याच भरती होतो... छे हो, तुमचं कुठे ऐकलं? वहिनी म्हणाल्या."