पंडितनानांच्या गाडीतली खटखट

एरंडोलच्या नासीर मिस्तरींची ख्याती त्यांच्या कानांची. गाडी दारात वळते न वळते तोच ते सांगायचे, "डाव्या अंगाचा बुश गेला." तीस वर्षं हे चाललं आणि मग त्या कानांनीच दगा दिला. कोणी जवळ येऊन मोठ्याने बोललं तर कळायचं, पण चाकाखालची खटखट काही जवळ येऊन बोलत नाही. ही गोष्ट बायको सकीना सोडून त्यांनी कोणालाही कळू दिली नाही. बहिऱ्या मिस्तरीकडे कोण गाडी आणणार?

त्यांनी युक्ती काढली. मालकाशेजारी बसायचं, गाडी गतिरोधकावरून न्यायला लावायची आणि रस्ता सोडून मालकाच्या तोंडाकडे बघायचं. मालकाने दात आवळले की समजायचं, आवाज आला. मग जॅक लावून एकेक चाक हलवायचं. आवाज आल्याशिवाय जॅक लावायचा नाही, हा त्यांचा जुना बाणा होता आणि कान गेले तरी तो काही गेला नव्हता.

पंडितनानांच्या जुन्या पांढऱ्या गाडीपाशी मात्र युक्ती अडली. नानांच्या तोंडात सदा तंबाखूचा बार, त्यामुळे चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. तीन फेऱ्या झाल्या. मिस्तरी बघून बघून थकले.

"उना का आवाज?" नानांनी विचारलं.

"रिकामी गाडीले आवाज येत नही, नाना," मिस्तरींनी ठोकून दिलं. "उद्या गाडी भरीसन लया. ज्यानी जागा तठेच त्याले बसाडा."

तेवढाच एक दिवस टळला.

दुसऱ्या दिवशी गाडी खरंच भरून आली. पुढे नानांच्या पत्नी कुंदाबाई, मांडीवर मांडे भाजायचं भलंमोठं मातीचं खापर. डिकीत गहू, गूळ, केळीचा घड, पापडांचा डबा आणि ओटीचं सामान. भरायचीच आहे तर दगडधोंडे कशाला, असा कुंदाबाईंचा रोकडा विचार. त्यांची लेक मेघा यावलला सासरी होती. तिला सातवा लागला होता, पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं होतं.

मिस्तरी मागे बसले. वेशीबाहेर जाऊन नाना गाडी वळवायला लागले, तशा कुंदाबाई कडाडल्या. "वटीनं सामान वेशीबाहेर पडनं, आते माघारं न्यावानं नही. चाला यावलले, मेघाले आजच लई येऊत. मिस्तरी सोबत शेतस, मंग काय भ्याव?"

नानांनी मुकाट्याने जळगावचा रस्ता धरला. बायकोपुढे आणि शकुनापुढे त्यांचं कधी चाललं नव्हतं.

मिस्तरींच्या ध्यानात आलं, परतताना याच गाडीत ती पोटुशी पोर बसणार होती. त्यांनी खाली वाकून पुढच्या सीटखालच्या पत्र्यावर तळहात टेकवला. खड्डा आला आणि पुढून डावीकडून हाताला दणका बसला. पुढच्या खड्ड्याला पुन्हा तसाच. आता बाणा गेला खड्ड्यात.

"नाना, गाडी थांबाडा!"

गाडी थांबली, पण कुंदाबाई उतरेनात. खापर एकदा मांडीवर घेतलं की ते यावललाच उतरणार. आत माणूस असताना जॅक लावू नये, हे मिस्तरी जन्मभर सगळ्यांना बजावत आले होते. शेवटी कुंदाबाई आणि खापर दोघंही डाव्या अंगाने वर उचलली गेली. जाणारे ट्रकवाले हॉर्न मारू लागले आणि कुंदाबाई वरूनच त्यांना शिव्या घालू लागल्या.

मिस्तरींनी चाक वर-खाली धरून हलवलं. पडायला आलेल्या दुधाच्या दातासारखं ते डुगडुगलं. चाकाला गाडीशी धरून ठेवणारा खालचा बॉल जॉइंट पार गेला होता. आणखी दहा-वीस मैलांत तो निसटला असता आणि चाक आडवं पडलं असतं.

मिस्तरी रस्त्याच्या कडेला बसले. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"नाना, आवाज काल बी व्हई. माले आयकू येत नही. दोन वरीस व्हयनात."

नानांनी तंबाखूचा बार थुंकला. गेल्या दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा हलला.

"बठ्ठा गावले माहीत शे," ते मिस्तरींच्या कानाशी येऊन म्हणाले. "आमले वाटे, तुलेच माहीत नही. तुनी सकीनाच घरोघर सांगी गयी, 'गाडी त्यास्कडेच लया, पन त्यास्ले समजू देऊ नका, मनले लाई लेतीन.'"

मिस्तरी डोळे पुसत म्हणाले, "सकीना काय बोलनी? आयकाले उनं नही, नाना, परत सांगा."

त्यांना पहिल्याच वेळी सगळं ऐकू आलं होतं.