सहलीला पाठराखीण

आमच्या घराण्यातली पहिली बी.ए. मी. कुणी विचारलं नाही तरी हे मी सांगते, कारण ते फुकट मिळालेलं नाही. पण आज सांगायचंय ते त्याच्या आधीचं, इंटरच्या वर्षाचं, आणि त्यात मिरवावं असं माझ्या हातून काही झालेलं नाही.

जळगावात आम्ही कापसाच्या जिनाजवळ चाळीत राहायचो. वडील जिनात कामाला. पौषातल्या कोरड्या थंडीत, आभाळ स्वच्छ असलं की चाळीमागच्या उंचवट्यावरून उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसायची. लहानपणापासून ती रेघ पाहत आले होते, तिच्याजवळ कधी गेले नव्हते. म्हणून वर्गातल्या मुलांनी एका दिवसाची डोंगरसहल काढायचं ठरवलं, तेव्हा मी लगेच हात वर केला. वर्गात आम्ही मुली तीनच. माझा हात पाहून बाकीच्या दोघींनीही वर केला.

पुढारी होता रावेरकडच्या केळीवाल्यांचा मुलगा. त्याच्या घरचा केळीचा ट्रक रविवारी रिकामा असे, तो आम्हाला पायथ्यापर्यंत नेणार होता. एका मुसलमान शिंप्याचा मुलगा आमच्यात होता. त्याने कपडा बेतायच्या खाकी कागदावर रस्त्याचा नकाशा काढून आणला. त्यात तापीचं वळण इतकं नीटस होतं, की ही नदी आहे की शेरवानीचा गळा, असं सगळ्यांनी त्याला विचारलं. पंधरा दिवस मधल्या सुट्टीत तोच कागद पसरून आम्ही बसायचो. वांगी कुणी आणायची, भरीत पायथ्याशी भाजायचं की वर, यावर भांडणं व्हायची.

घरी आल्यावर मी सगळं आईला सांगायची. आई पिंपळनेरकडची, डोंगराच्या अंगाखांद्यावर वाढलेली. लग्न होऊन ती इकडे सपाटीला आली, पुढे आजी-आजोबा गेले, आणि माहेराबरोबर तिचा डोंगरही सुटला. त्याबद्दल ती कधी बोलली नव्हती. आता मात्र भाकरी थापता थापता विचारायची, वाटेत पाणी कुठे आहे, चढ कोणत्या अंगाने आहे, गवत कापलंय का उभंच आहे. मग सांगायची की चढताना घटाघटा पाणी पिऊ नये, गुळाचा खडा तोंडात धरावा. ऊन पाठीवर राहील अशी वाट घ्यावी. वाळल्या गवतावर वहाण घसरते, तिथे पाय आडवा टाकावा.

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी कॉलेजात सांगायची, माझं म्हणून. केळीवाल्यांचा मुलगा ते वहीत उतरवून घ्यायचा. अर्धी सहल माझ्या आईने आखली आणि ती माझ्या नावावर खपली.

मग आमच्या प्राध्यापकांनी अट घातली. मुली येणार असतील तर कुणाच्या तरी घरची वडीलधारी बाई बरोबर हवी, आणि मुलींनी दिवसभर तिच्याजवळच राहायचं. नव्या नवरीबरोबर सासरी पाठराखीण पाठवतात ना, तोच शब्द मुलांनी उचलला. केळीवाल्यांचा मुलगा म्हणाला, "आपण सहल काढली का वऱ्हाड? आता तिघींच्या मागे पाठराखीण शोधा." बाकी दोघींपैकी एकीच्या आईने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायला नकार दिला, दुसरीची आई बाळंतीण होती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी घरी अटीचं सांगितलंच नाही. खरं ते लिहिते. कॉलेजात मी 'आहे' म्हणायची आणि घरी 'शे'. पंधरा दिवस डोंगराची जाणकार म्हणून मिरवले होते. आई ट्रकमध्ये बसली आणि तोंड उघडलं की ते ज्ञान कुठून आलं हे सगळ्यांना कळलं असतं, आणि ते कोणत्या बोलीत आलं हेही. म्हणून मी आमच्या गल्लीतल्या मास्तरीणबाईंकडे गेले. त्या मुलींच्या शाळेत शिकवायच्या, पुण्याचं बोलायच्या, पायात बूट घालायच्या. त्या हो म्हणाल्या.

तीन दिवसांनी आईला ते नळावर दुसऱ्याच कुणाकडून कळलं. अट कळली, बाईंचं नाव मात्र कळलं नाही. संध्याकाळी मी आले तर दारात तिच्या वहाणा होत्या, नवे अंगठे शिवून आणलेल्या. ती म्हणाली, "मी येस ना तुन्हासंगे. डोंगर माले काय नवा शे?"

मी म्हटलं, मास्तरीणबाईंना सांगून झालंय.

तिने वहाणा उचलून आत ठेवल्या. "बरं व्हयनं," ती म्हणाली. "ती शिकेल बाई शे. मी काय बोलू तठे?" आणि मग तिने मला गूळ किती बांधून देऊ ते विचारलं.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. पुढे मी नोकरीला लागल्यावर दोनदा तिला डोंगरावर न्यायचं ठरवलं. तोवर तिचे गुडघे गेले होते. आज माझं वय तिच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे गेलंय, आणि अजून मला त्या ट्रकमध्ये आई बसलेली हवी असते. पदर खोचून ती आमच्या पुढे चालली असती, आणि मुलांना दम लागल्यावर त्यांची थट्टा केली असती.

रविवारी आम्ही गेलो. ट्रकमध्ये केळीच्या पानांचा वास होता, दात वाजत होते, मुलं गात होती. पहिल्या चढावर मास्तरीणबाईंना धाप लागली. त्या एका मोहाच्या झाडाखाली बसल्या आणि म्हणाल्या, "मुलींनो, इथूनच किती छान दिसतंय." अट होतीच. आम्ही तिघी त्यांच्याजवळ बसलो. मुलं वर गेली, त्यांच्या हाका लहान लहान होत गेल्या. ऊन माझ्या पाठीवर होतं आणि मी गुळाचा खडा तोंडात धरून वरची कड बघत होते. दोन तासांनी मुलं उतरली. वर काय काय दिसलं ते सगळे एकदम सांगत होते. मी ते नीट ऐकून घेतलं.

दिवेलागणीला घरी पोचले, तर शेजारच्या अक्का दारातच उभ्या. तुझ्या आईला काय झालंय विचार, म्हणाल्या. भरदुपारी मागच्या त्या उंचवट्यावर कापसाच्या ओल्या पऱ्हाट्या पेटवल्या, साऱ्या चाळीत धूर, माझं वाळत घातलेलं धुणं पुन्हा धुवावं लागलं.

आई चुलीपाशी होती. डोळे लाल झालेले. तिने ताट वाढलं, मी चार घास खाईपर्यंत थांबली.

"वर चढनी ना तू?"

मी हो म्हटलं.

"तठेन आपलं घर दिसनं का?"

मुलांनी सांगितलं होतं की वरून तापीच्या पलीकडे नुसतं धुकट, जळगाव कुठे हे कळतसुद्धा नाही.

"घर नही दिसनं, माय," मी म्हटलं. "पन धूर दिसना."

ती तव्यावरची भाकरी उलटायची थांबली. "कसा दिसना?"

"सरळ. वर गयता."

तिने जरा विचार केला. "हां," ती म्हणाली, "आठेबी वारा नही व्हता," आणि मी नको म्हणत असताना तिने माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.